दोन शिक्क्यांमधली वाट

(वाचकांचे प्रश्न)

गेल्या दोन अंकांत मी पेरू आणि बोलिव्हिया या देशांतील बसप्रवासाविषयी लिहिले होते. त्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली पत्रे वाचताना लक्षात आले की, तिकीट कसे काढावे, आसन कोणते घ्यावे याविषयीच्या शंका बहुतेकांच्या फिटल्या आहेत. घोडे अडते ते एका देशातून दुसऱ्या देशात बस जाते त्या जागी. मिरजेहून निघालेली एसटी म्हैसाळ मागे टाकून कागवाडात शिरते, तेव्हा दुकानांच्या पाट्यांवरची लिपी बदलते, त्यापलीकडे प्रवाशाला काही करावे लागत नाही, आणि बसने सीमा ओलांडायची म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तेच चित्र येते. दक्षिण अमेरिकेत बस आपल्याला सीमेपर्यंत नेते आणि सीमेपलीकडून पुढे नेते. मधली वाट ज्याची त्याने, पासपोर्ट हातात धरून, चालायची असते. या वेळी त्याच वाटेविषयीचे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त शिक्षक असून आमची वये ६४ आणि ६१ आहेत. मुलगी अमेरिकेत असल्यामुळे तिकडचा दहा वर्षांचा व्हिसा आमच्याकडे आहे. तिच्याकडून निघून पेरू पाहावा आणि तितिकाका सरोवराच्या काठाने स्वस्तातल्या बसने बोलिव्हियातील ला पास गाठावे, असा विचार आहे. पुनो ते ला पास असे एकच तिकीट मिळते, असे आपण लिहिले होते. मग सीमेवर नेमके काय होते? सामान उतरवावे लागते का? बस आमच्यासाठी थांबते का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बस थांबते, पण तुम्हाला जिथे उतरवते तिथे थांबत नाही, आणि नवख्या प्रवाशाचा जीव घाबरा होतो तो यामुळेच. पुनोहून सकाळी निघालेली बस सरोवराच्या काठाकाठाने युंगुयो हे पेरूमधले शेवटचे गाव ओलांडून कासानी नावाच्या ठाण्याशी येते. तिथे सर्वांना उतरवले जाते. पेरूच्या कचेरीत तुम्ही देश सोडल्याची नोंद होते. तिथून बाहेर पडून चढाच्या रस्त्याने, एका कमानीखालून पायी पलीकडे गेले की बोलिव्हियाची कचेरी लागते आणि तिथे प्रवेशाची नोंद होते. तोवर बस रिकामीच पुढे गेलेली असते आणि बोलिव्हियाच्या बाजूला उभी असते. चालणे काही मिनिटांचेच आहे, परंतु समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरांहून अधिक उंचीवर तेवढ्या चढाला रोज अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्यालाही धाप लागते. मोठ्या बॅगा सहसा बसच्या डिकीतच राहतात. औषधे, पैसे आणि कागदपत्रे मात्र उतरताना अंगावर घ्यावीत.

उतरण्यापूर्वी बसचा क्रमांक लिहून घ्यावा किंवा मोबाईलमध्ये तिचे छायाचित्र काढावे, कारण पलीकडे एकाच रंगाच्या तीन बस उभ्या असण्याचा संभव असतो. वाहकाचा चेहरा ध्यानात ठेवावा. आणि माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला म्हणजे, बसमधून पहिल्या पाचांत उतरून रांगेत पुढे उभे राहावे. तुमच्या बसमधल्या युरोपीय आणि शेजारच्या देशांतल्या बऱ्याच प्रवाशांना बोलिव्हियाचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्यांचे काम मिनिटभरात उरकते. आपल्याला व्हिसा लागतो, अधिकारी तो वाचतो, पाने उलटतो, कधी आतल्या खोलीत जाऊन कुणाला तरी विचारतो. रांगेत शेवटी उभे राहिलेल्या भारतीय प्रवाशासाठी चाळीस माणसांची बस खोळंबते आणि वाहकाचा संयम संपतो. बसमध्ये चढतानाच त्याला आपला व्हिसा दाखवून ठेवला, तर तो तुम्हाला मोजून घेतल्याशिवाय बस हलू देत नाही. पेरू सोडल्याची नोंद न करता घाईने पुढे गेलात, तर पलीकडचा अधिकारी तोच चढ उतरून परत जायला लावतो. काही ठिकाणी आता शाईच्या शिक्क्याऐवजी संगणकातच नोंद होते. तरीही दोन खिडक्या आणि दोन नोंदी हा हिशेब बदललेला नाही.

आता कागदपत्रांचे पाहू. अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीयाला पेरूचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, परंतु पेरूत शिराल त्या दिवशी त्या अमेरिकी व्हिसाची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. दहा वर्षांच्या व्हिसाच्या बाबतीत अनेकदा असे होते की, मधल्या काळात पासपोर्ट संपून नवा घेतलेला असतो आणि व्हिसा जुन्याच पासपोर्टात राहतो. तसे असल्यास दोन्ही पासपोर्ट सोबत हवेत. जुना मिरजेच्या कपाटात आणि त्याची झेरॉक्स हातात, हे चालत नाही. बोलिव्हियासाठी मात्र अमेरिकेच्या व्हिसावर विसंबू नये. बोलिव्हियाची वकिलात दिल्लीत आहे आणि पेरूत पुनो व कुस्को येथेही त्यांचे वाणिज्य दूतावास आहेत. वाटेत काढू म्हणणारे तरुण पुष्कळ भेटतात, परंतु तुमच्या वयाला आणि आखीव दिवसांना घरून निघण्यापूर्वीच तो हातात असलेला बरा. ला पासहून विमानाने परतणार नसाल आणि पुन्हा पेरूत यायचे असेल, तर तो पेरूतला दुसरा प्रवेश ठरतो आणि सहा महिन्यांची ती अट पुन्हा लागू होते.

छापील किंवा ऑनलाइन अर्ज भरताना आपल्याकडच्या नावांची एक गंमत होते. ‘अपेयिदोस’ म्हणजे आडनाव आणि ‘नोम्ब्रेस’ म्हणजे त्यापुढची नावे. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावे असतात, एक वडिलांचे आणि एक आईचे. त्यामुळे आपले तीन शब्दांचे नाव पाहून तिकीट देणारी मुलगी मधले, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे नाव आडनावात ढकलते. तिकिटावरचे आणि पासपोर्टवरचे नाव जुळत नाही, ते अशाने. खिडकीवर बोलून सांगण्यापेक्षा पासपोर्टच काचेतून पुढे सरकवावा आणि तिकीट हातात आल्यावर तिथेच उभे राहून अक्षरे ताडून पाहावीत.

सीमेनंतर कोपाकाबाना हे सरोवराकाठचे गाव येते. पेरूपेक्षा बोलिव्हियाचे घड्याळ एक तास पुढे असते आणि पुढची बस बहुधा इथे बदलावी लागते, म्हणून घड्याळ लावून घेतल्याशिवाय जेवायला बसू नये. रिओच्या प्रसिद्ध किनाऱ्याला नाव मिळाले ते या गावावरून. इथल्या मोठ्या चर्चसमोर नवी वाहने फुलांच्या माळा आणि पताका लावून आशीर्वादासाठी आणतात. आपल्याकडे नवी गाडी हार घालून सांगलीच्या गणपतीसमोर उभी करतात, त्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. पुढे तिकिना येथे सरोवराची चिंचोळी खाडी आडवी येते. तिथे सर्व प्रवाशांना उतरवतात, किरकोळ भाडे घेऊन लहान मोटारबोटीने पलीकडे नेतात, आणि बस मात्र लाकडी फळ्यांच्या सपाट तराफ्यावर चढून, डुलत डुलत एकटीच पाण्यातून येते. आपले सगळे सामान त्या डुलणाऱ्या बसमध्ये आहे, या विचाराने पहिल्या खेपेस मी काठावर उभा राहून देवाचे नाव घेत होतो. तिथे बोलिव्हियाच्या आरमाराचा तळ आहे. चिलीशी १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात या देशाने समुद्रकिनारा गमावला, पण आरमार ठेवले आहे. खाडी ओलांडणाऱ्या मोटारबोटीसाठी सुटी नाणी सोबत ठेवावीत.

उंचीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो मला महत्त्वाचा वाटतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरांवर आहे, म्हणजे आपल्या राज्यात उभे राहून अनुभवता येईल अशी उंची त्याहून अधिक नाही. पुनो आणि कोपाकाबाना ही दोन्ही गावे ३,८०० मीटरांच्या वर आहेत. लिमा समुद्रकाठी असल्यामुळे तिथून थेट पुनोला जाण्यापेक्षा २,३३५ मीटरांवरच्या आरेकिपा शहरात दोन-तीन दिवस काढावेत आणि मग वर चढावे. आरेकिपाहून पुनोला जाताना रस्ता ४,४०० मीटरांच्याही वर जातो, म्हणून त्या दिवशी हलके जेवावे आणि पाणी पीत राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांना हा मार्ग उंचीच्या आकड्यांसह दाखवावा. पेरू व बोलिव्हियात कोका वनस्पतीच्या पानांचा चहा सर्रास मिळतो आणि तिथे तो कायदेशीर आहे. त्याच्या पुड्या मात्र नातेवाइकांसाठी म्हणून घेऊ नयेत, कारण आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचे पानही बसते.

प्रश्न : ‘रात्रीची बस घ्यावी, मुक्कामाचा खर्च वाचतो’, हे आपले वाक्य प्रमाण मानून मी कुस्कोहून कोपाकाबानाचे ‘थेट’ तिकीट काढले. पहाटे पाच वाजता आम्हाला पुनोच्या स्थानकात उतरवून बस निघून गेली. पुढची गाडी साडेसातला होती. जून महिना, पायांत चप्पल आणि अंगावर एक शाल. हे आपण लिहायला नको होते का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : लिहायला हवे होते, आणि ते राहून गेले याचा दोष माझा आहे. कासानीचे ठाणे रात्री बंद असते, त्यामुळे रात्रभर धावून पहाटे सीमा ओलांडणारी बस त्या मार्गावर असूच शकत नाही. ‘थेट’ म्हणून विकलेले तिकीट म्हणजे पुनोपर्यंत एक बस आणि उजाडल्यावर दुसरी, असाच त्याचा अर्थ असतो. हे मला ठाऊक होते, पण माझा तो प्रवास नोव्हेंबरातला असल्यामुळे पहाटेची ती अडीच तासांची बैठक मला जाणवली नव्हती, आणि जे आपल्याला बोचत नाही ते लिहिण्यातूनही गळते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जून-जुलै हा ऐन हिवाळा असून पुनोत त्या दिवसांत पहाटेचे तापमान शून्याखाली जाते. यापुढे जे वाचक हा मार्ग घेतील, त्यांनी तिकीट काढताना ‘बस बदलायची का’ एवढे आवर्जून विचारावे, लोकरी टोपी, मोजे आणि जाड स्वेटर डिकीत न टाकता मांडीवर ठेवावेत. किंवा सरळ पुनोत एक रात्र काढावी. तिथल्या साध्या निवासाचा खर्च हा पहाटेच्या थंडीपुढे काहीच नाही, हे तुमचे पत्र वाचल्यावर मी मान्य करतो.

प्रश्न : पीतज्वराच्या लशीची गरज नाही, कारण पेरूत ती मागत नाहीत, असे आमच्या एजंटाने सांगितले. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, विटा

उत्तर : एजंटाचे म्हणणे पेरूच्या दारापुरते खरे आहे. पण पेरूसारख्या देशातून येणाऱ्या माणसाकडे बोलिव्हिया हे प्रमाणपत्र मागू शकतो, आणि खरी तपासणी तर घरी परतताना मुंबईच्या विमानतळावर होते. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांची भारत सरकारची यादी आहे. पेरू, बोलिव्हिया, ब्राझील, कोलंबिया हे देश तिच्यात आहेत. अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो, त्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. आपल्याकडे तो विषाणू वाहून नेणारे डास भरपूर आहेत आणि रोग मात्र अद्याप नाही, म्हणून ही कडक भूमिका आहे, आणि ती मला योग्य वाटते.

लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच टोचली जाते. विट्यात किंवा सांगलीत कुणी खासगी दवाखान्यात ‘करून देतो’ म्हणाला, तर त्या कागदाचा उपयोग नाही. पुण्या-मुंबईच्या केंद्रात आधी वेळ घेऊन जावे. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होते, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही. पूर्वी ते दहा वर्षांनी संपत असे. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते, त्यामुळे जुने पिवळे कार्ड घरात असेल तर ते शोधावे. साठीच्या पुढच्या व्यक्तींना ही लस देताना डॉक्टर अधिक विचार करतात, कारण त्या वयात तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा संभव वाढतो. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनीही ते आधी सांगावे. वर ज्यांनी पत्र लिहिले आहे त्या मिरजेच्या शिक्षक दांपत्याने हा परिच्छेद आपल्यासाठीच आहे असे समजावे. लस न घेण्याचा सल्ला मिळाला, तर त्यासाठीचे पत्र परदेशी सीमेवर चालेलही, परंतु भारतात परतताना सहा महिन्यांखालील बाळ सोडले तर कुणालाही सवलत नाही.

प्रश्न : मी मुलासोबत पेरूतील ताक्ना येथून चिलीतील आरिका येथे बसने जाणार आहे. आम्ही शाकाहारी आहोत. सोबत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी, बेदाणे, हळकुंडे आणि सुक्या मिरच्या नेल्या तर सीमेवर अडवतात का?
— एक वाचक, वाई

उत्तर : ताक्नापासून आरिका साठ किलोमीटरांच्या आतच आहे आणि बस किंवा पाच प्रवाशांची सामायिक मोटार सतत मिळते, माणसाचे कागद तपासायला वेळ लागत नाही, पिशव्या तपासायला लागतो. पेरूचे ठाणे सांता रोसा आणि चिलीचे चाकायुता. चिलीच्या बाजूला शेती व पशुधन खात्याचे लोक प्रत्येक बॅग यंत्रातून तपासतात, शिवाय कुत्री वास घेत फिरतात. त्याआधी एक प्रतिज्ञापत्र भरून द्यावे लागते : माझ्याजवळ वनस्पतीजन्य किंवा प्राणीजन्य पदार्थ आहेत, की नाहीत.

त्या देशाच्या एका बाजूला आंदीज पर्वत, दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागर आणि उत्तरेला आताकामा वाळवंट आहे. या नैसर्गिक कुंपणामुळे फळमाशीसारखी कीड बाहेर ठेवणे त्यांना जमले, आणि त्यावर त्यांची द्राक्षे, चेरी, सफरचंदे जगभर जातात. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचा अंश किती उतरला याचा अहवाल येईपर्यंत त्याला झोप लागत नाही. एका प्रवाशाच्या पिशवीतला किडका पेरू त्यांच्या दृष्टीने साऱ्या बागायतीच्या मुळावर येऊ शकतो.

मी स्वतः त्या टेबलापुढे उभा राहिलो, तेव्हा झोळीच्या बाजूच्या कप्प्यात तासगावचे सुटे बेदाणे, मूठभर सुक्या मिरच्या, दोन हळकुंडे आणि सांगलीच्या भडंगाचे सीलबंद पाकीट होते. प्रतिज्ञापत्रात मी ‘सी’, म्हणजे ‘होय’ यावर खूण केली होती. तपासणीस बाईंनी हळकुंड हातात घेऊन नखाने खरवडले, बोटाला लागलेला पिवळा रंग पाहिला आणि मान हलवून ते डब्यात टाकले. जे जमिनीत लावले तर उगवते, ते आत येणार नाही, हा त्यांचा हिशेब. मिरच्या बियांसकट गेल्या. पाकिटावर काही लिहिलेले नव्हते म्हणून बेदाणेही गेले. भडंगाचे पाकीट मात्र त्यांनी खालीवर करून पाहिले, दुसऱ्या तपासणीसाला बोलावून त्याला दाखवले, दोघांनी त्यावरची छापील अक्षरे न्याहाळली आणि ते मला परत दिले. दंड झाला नाही, कारण मी लपवले नव्हते. माझ्या मागच्या गृहस्थांनी ‘नाही’ लिहिले होते आणि त्यांच्या पिशवीत एक सफरचंद निघाले. त्यांना बाजूच्या खोलीत नेले आणि बस तेवढा वेळ उन्हात उभी राहिली.

तेव्हा हळकुंडे आणि अख्ख्या मिरच्या वाईतच ठेवाव्यात. हळदपूड, मेतकूट आणि चटणी कारखान्याच्या सीलबंद, छापील पाकिटात न्यावी आणि तरीही ‘होय’ लिहावे. अंतिम निर्णय त्या टेबलापलीकडच्या माणसाचा असतो. साताऱ्याचे कंदी पेढे नेण्याचा मोह झाला, तर दुधाचे पदार्थही सांगावे लागतात हे ध्यानात असू द्यावे. बसमध्ये किंवा वाटेच्या खाणावळीत ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढेच म्हटले तर समोर कोंबडी येते, कारण त्यांच्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे लाल मांस. म्हणून ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’ हेही जोडावे.

प्रश्न : मे महिन्याच्या अखेरीस अर्जेंटिनातील मेंदोसाहून चिलीच्या सांतियागोला बसने जायचे आहे. घाटात मला उलटीचा त्रास होतो. पसरणीचा घाटही झेपत नाही. विमान घ्यावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पसरणी झेपत नसेल, तर तिथल्या काराकोलेस नावाच्या उतारासाठी गोळी घेऊनच बसावे, नावाचा अर्थच गोगलगायी असा असून, एकाच डोंगरउतारावर केसांच्या आकड्यांसारखी वळणे एकाखाली एक घातलेली आहेत. तरीही दिवसाची बस घ्या, असे मी म्हणेन. वर सुमारे ३,२०० मीटरांवर तीन किलोमीटरांचा बोगदा आहे. तो १९८० मध्ये खुला झाला आणि त्याच्या मध्यावर देश बदलतो. त्याआधी अर्जेंटिनाच्या बाजूला ६,९६१ मीटर उंचीच्या अकोंकाग्वाचे दर्शन काही क्षण होते, उजव्या हाताला. इथे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे कासानीसारखे चालावे लागत नाही. परंतु सर्वांना उतरावे लागते, सामान यंत्रातून जाते, वर सांगितलेली फळांची तपासणी इथेही असते आणि सुट्ट्यांच्या दिवसांत गाड्यांची रांग काही तासांची होते. सात-आठ तासांच्या प्रवासाला म्हणूनच पूर्ण दिवस धरावा.

तुमची खरी अडचण मे महिन्याची आहे. आपली उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे तिथल्या हिवाळ्याची सुरुवात. बर्फ पडले की ही खिंड बंद होते, कधी काही तास, कधी अनेक दिवस, आणि बसचे तिकीट हातात असून उपयोग होत नाही. सांतियागोहून परतीचे विमान दुसऱ्याच दिवशी असेल, तर बसचा विचार सोडावा. मध्ये तीन दिवस मोकळे असतील, तर बस घ्यावी. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना ही चिंता बरीच कमी असते, तिकडे तेव्हा वसंत असतो.

प्रश्न : रोख डॉलर किती न्यावेत? सीमेवर पैसे बदलून मिळतात का?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : मिळतात, पण तिथे फक्त पुढच्या जेवणापुरते आणि बसपुरते बदलावेत. सीमेवरच्या टेबलांवर दर कमी मिळतो आणि नोटा मोजताना गडबडीत लक्ष राहत नाही. आपण मोजून झाल्याशिवाय आपली नोट हातातून सोडू नये. उरलेले सोल, म्हणजे पेरूचे चलन, पेरूतच खर्च करावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंत चलन रोख नेता येते, एवढी गरज बसने फिरणाऱ्याला पडत नाही. नोटा कोऱ्या हव्यात. कोपरा फाटलेली, शाईचा ठिपका पडलेली किंवा बँकेच्या शिक्क्याची नोट बोलिव्हियात कुणी घेत नाही. त्या देशात २०२३ पासून डॉलरची टंचाई झाली आणि कागदावरचा दर व बाजारातला दर यांत फरक पडला, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यातला भाव पाहूनच हिशेब मांडावा.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अर्जेंटिनात असतो. पुएर्तो इग्वासूहून साध्या शहरी बसने ब्राझीलमधील फोज दो इग्वासूला जाऊन, तिथून साओ पाउलोमार्गे तो भारतात येणार आहे. त्याच्या मित्रांचे म्हणणे असे की, ब्राझीलच्या ठाण्यावर कुणी उतरतच नाही, बस सरळ पुढे जाते. मग व्हिसा काढून काय उपयोग?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : मित्रांनी पाहिले ते खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. १९८५ मध्ये खुल्या झालेल्या पुलावरून ही बस नदी ओलांडते. नदीच्या अलीकडच्या काठाला, अर्जेंटिनाच्या ठाण्यावर सर्वांना उतरवतात. पलीकडे ब्राझीलच्या ठाण्यासमोर मात्र ती बहुधा थांबत नाही, कारण तिच्यात बसलेली बहुतेक माणसे रोज कामाला किंवा बाजाराला ये-जा करणारी असतात आणि त्यांना शिक्क्याची गरज नसते. तुमच्या मुलाला ती आहे. तो न उतरता पुढे गेला, तर त्याचा पासपोर्ट सांगेल की हा माणूस अर्जेंटिनातून बाहेर पडला आणि ब्राझीलमध्ये कधी शिरलाच नाही. आणि हे उघडकीला येईल ते साओ पाउलोच्या विमानतळावर, भारताचे विमान सुटायच्या आधी दोन तास. तिथे प्रश्नोत्तरे आणि दंड यांत विमान चुकले तर कुणाला दोष देणार? ब्राझीलचा व्हिसा भारतीयांना लागतो, धबधबा पाहून संध्याकाळी परतायचे असले तरीही लागतो. उलट दिशेने येताना ब्राझील सोडल्याची नोंदही अशीच स्वतःहून मागून घ्यावी लागते.

त्याने चढतानाच चालकाला पासपोर्ट दाखवून ‘ब्राझीलच्या ठाण्यावर उतरायचे आहे’ असे सांगावे, पूल संपताच दाराशी येऊन उभे राहावे आणि सगळे सामान घेऊनच उतरावे, कारण ही बस त्याच्यासाठी खोळंबणार नाही. आत शिक्का घेऊन बाहेर येईपर्यंत ती निघून गेलेली असेल. तिकीट मात्र खिशात जपून ठेवावे. त्याच कंपनीची पुढची बस आली की चालकाला तेच दाखवून पुढे जाता येते, आणि दुसऱ्या कंपनीची आधी आली तर तिला हात न करता उभे राहावे.